खुणेवरून ओळख : परदेशातील 'फ्रेंच' इमारती वाचताना

१

सोळा-सतरा वर्षांपूर्वी एका छोट्या नियतकालिकात माझा एक लेख छापून आला होता. विषय होता वसाहतींच्या काळात जगभर उभ्या राहिलेल्या शहरांची वास्तुरूपे. लेखासोबत एक चित्र हवे होते, म्हणून फ्लोरा फाउंटनच्या पदपथावर जुन्या पुस्तकांच्या ढिगात सापडलेले एक रंगीत पोस्टकार्ड मी दिले. अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहराचा मुख्य चौक, मधोमध चर्च आणि चर्चच्या डाव्या हाताला कमानींची दुमजली इमारत. तिच्यावर उभट उताराचे उंच छप्पर आणि त्या छपरातून बाहेर डोकावणाऱ्या लहान खिडक्यांची रांग. चित्राखाली मी ओळ लिहिली : 'न्यू ऑर्लिन्समधील एक फ्रेंच इमारत'.

महिन्याभराने संपादकांनी एका वाचकाचे पत्र माझ्याकडे पाठवले. मोजून तीन वाक्ये होती. इमारत स्पॅनिश आहे. छप्पर मागाहून चढवलेले आहे. आपण छपरावरून ओळखलीत काय?

होय, छपरावरूनच ओळखली होती. मी कोणत्याही महाविद्यालयात वास्तुकला शिकलेलो नाही. विशीत एका ठेकेदाराच्या कचेरीत ट्रेसर म्हणून लागलो, अमोनियाच्या वासात नकाशांच्या प्रती काढल्या, आणि उरलेले सगळे जुन्या पुस्तकांतून गोळा केले. अशा माणसाला खुणांचा मोठा आधार असतो. टोकदार कमान दिसली की गॉथिक, घुमट आणि छत्र्या दिसल्या की इंडो-सारासेनिक, उभट छप्पर दिसले की फ्रेंच. ओळख पटल्याचा आनंदही होतो. त्या पत्राने तो आनंद काढून घेतला, पण त्याच्या बदल्यात एक प्रश्न दिला : एखाद्या परक्या भूमीवरच्या इमारतीत 'फ्रेंच प्रभाव' आहे असे आपण म्हणतो, तेव्हा नेमके काय ओळखलेले असते? हा लेख म्हणजे त्या पत्राला उशिरा दिलेले उत्तर आहे.

२

आधी त्या छपराबद्दल. त्याला मानसार्ड म्हणतात. प्रत्येक बाजूला दोन उतार, खालचा जवळजवळ भिंतीसारखा उभा आणि वरचा अगदी सौम्य. त्यामुळे छपराच्या पोटात राहण्याजोगा पूर्ण मजला मिळतो. नाव पडले ते फ्रान्स्वा मान्सार या सतराव्या शतकातल्या वास्तुकाराचे; पण त्याने ते शोधले नाही. त्याच्या आधी शंभर वर्षे, सोळाव्या शतकाच्या मध्याला, प्येर लेस्को याने पॅरिसच्या लूव्ह्र राजवाड्यावर तसले छप्पर घातले होते. मान्सारने ते इतके वापरले की नाव त्याचे लागले. म्हणजे आपल्या खुणेच्या नावातच पहिली चूक दडलेली आहे.

ही खूण जगभर गेली ती एकोणिसाव्या शतकात. तिसऱ्या नेपोलियनच्या राजवटीत, १८५२ ते १८७० या काळात, लूव्ह्रचा मोठा विस्तार झाला आणि ओस्मानने पॅरिसचे रुंद रस्ते आखले. जगातल्या प्रत्येक होतकरू शहराला आपण पॅरिससारखे दिसावे असे वाटू लागले. बॉस्टनची जुनी नगरपालिका १८६५ची. फिलाडेल्फियाचे अवाढव्य नगरभवन १८७१ला सुरू झाले ते १९०१पर्यंत चालले. वॉशिंग्टनमध्ये अध्यक्षांच्या निवासाशेजारची सरकारी कचेरी १८७१ ते १८८८ या काळातली. तिन्हींवर उभट छपरे आहेत. पण फिलाडेल्फियाचा वास्तुकार जॉन मॅकार्थर जन्माने स्कॉटिश आणि वॉशिंग्टनचा आल्फ्रेड मलेट जन्माने इंग्लिश. दोघांपैकी एकानेही पॅरिसच्या शाळेत शिक्षण घेतलेले नव्हते. त्यांनी फ्रान्सकडून घेतली ती पगडी. अंगरखा त्यांचा स्वतःचाच होता. म्हणून छपरावरून फार तर एवढे म्हणता येते की, या शहराला अमुक एका दशकात पॅरिसची हौस होती.

आता न्यू ऑर्लिन्स. हे शहर फ्रेंचांनी १७१८मध्ये वसवले. त्याची सरळ छेदणाऱ्या रस्त्यांची आखणी १७२१च्या सुमारास फ्रेंच लष्करी अभियंता आद्रियाँ द पोझे याने केली. १७६०च्या दशकात ते स्पेनकडे गेले. पुढे दोन मोठ्या आगी लागल्या. २१ मार्च १७८८च्या आगीत ८५६ इमारती जळाल्या आणि १७९४च्या डिसेंबरात आणखी २१२. लाकडी फ्रेंच गाव जवळपास राख झाले. स्पॅनिश अधिकाऱ्यांनी विटांच्या भिंती, गिलावा आणि कौले यांचा आग्रह धरला. आज पर्यटक ज्याला 'फ्रेंच क्वार्टर' म्हणतात, त्याचा हाडाचा सांगाडा या स्पॅनिश पुनर्बांधणीतला आहे. आणि ज्या नक्षीदार बिडाच्या कठड्यांची छायाचित्रे घेतली जातात, ते बहुतेक १८५०च्या आसपासचे, म्हणजे शहर अमेरिकेचे झाल्यानंतरचे.

फ्रेंच काळाची खरी साक्षीदार इमारत एक मोठी उरली आहे. उर्सुलाइन पंथाच्या जोगिणींचा मठ, अठराव्या शतकाच्या मध्याला पूर्ण झालेला. त्याला नक्षीचा कठडा नाही, सज्जा नाही. साध्या गिलाव्याच्या भिंती, रांगेने बसवलेल्या खिडक्या, उंच उतरते छप्पर. 'फ्रेंच' पाहायला आलेला माणूस तिच्यासमोरून सहज पुढे निघून जाईल, इतकी ती अबोल आहे.

माझ्या पोस्टकार्डावरची इमारत म्हणजे काबिल्दो, स्पॅनिश राजवटीचे नगरसभागृह. १७९५ ते १७९९ या काळात ती बांधली गेली. पैसा पुरवला आंद्रेस आल्मोनेस्तेर या स्पॅनिश धनिकाने. आराखडा गिल्बेर्तो गिल्मार याचा. हा जन्माने फ्रेंच, पण स्पेनच्या चाकरीत. छप्पर १८४७ मध्ये चढवले गेले, म्हणजे अमेरिकी काळात. आणि ही इमारत फ्रेंच निशाणाखाली किती दिवस होती? वीस. ३० नोव्हेंबर १८०३ रोजी स्पेनने लुइझियाना प्रांत फ्रान्सला विधिपूर्वक परत दिला तो याच इमारतीत, आणि २० डिसेंबरला फ्रान्सने तो अमेरिकेच्या हवाली केला तोही इथेच.

गोष्ट इथे संपत नाही. त्याच चौकाच्या दोन बाजूंना लाल विटांच्या लांबलचक चाळवजा इमारतींच्या दोन रांगा आहेत, १८४९ ते १८५१च्या. त्या बांधल्या आल्मोनेस्तेरच्या मुलीने, मिकाएला पोंताल्बा हिने. न्यू ऑर्लिन्समध्ये जन्मलेली, स्पॅनिश बापाची, फ्रेंच घरात दिलेली, आयुष्याचा मोठा काळ पॅरिसमध्ये काढलेली ही बाई. कठड्यांच्या बिडात तिने आपल्या दोन्ही घराण्यांची आद्याक्षरे, आ आणि प, गुंफून ओतवून घेतली. या रांगा फ्रेंच म्हणाव्यात, स्पॅनिश की अमेरिकी? मला वाटते, प्रश्नच चुकीचा आहे. ती इमारत एका बाईच्या आयुष्यासारखी आहे, आणि आयुष्याला एकच शिक्का बसत नाही.

कॅनडातल्या क्वेबेकचा दाखला थोडक्यात देतो. तिथल्या फ्रेंचपणाचे प्रतीक म्हणून शातो फ्रोंतनाक हे हॉटेल जगभर दाखवले जाते. ते १८९३मध्ये उघडले, कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेसाठी, आणि रचले ब्रूस प्राइस या अमेरिकी वास्तुकाराने. क्वेबेक इंग्रजांच्या ताब्यात जाऊन तेव्हा शंभरावर वर्षे लोटली होती. लुआर नदीकाठच्या राजवाड्यांचे मनोरे रेल्वे कंपनीने प्रवासी खेचण्यासाठी उभारले. खूण चोख आहे, पण ती जाहिरातीची आहे.

३

मग खात्रीची साक्ष कुठे मिळते? ट्रेसरच्या टेबलावर शिकलेली एक गोष्ट इथे कामी आली. साहेब लोक दर्शनी बाजूचे रेखाटन आधी पाहत आणि खूश होत. आमचे हेडड्राफ्ट्समन मात्र ते बाजूला सारून तळनकाशा पुढे ओढत. ते म्हणत, तोंड कुणीही रंगवतो, चाल बघावी.

एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या एकोल दे बोझार या शाळेने जगाला जी चाल शिकवली, ती म्हणजे तळनकाशाची शिस्त. विद्यार्थ्याला विषय मिळाला की काही तासांत मूळ कल्पनेचे कच्चे रेखाटन द्यायचे आणि पुढे महिनोन्महिने काम केले तरी त्या कल्पनेपासून ढळायचे नाही. इमारतीला एक मुख्य अक्ष हवा. त्या अक्षावरून माणूस आत चालत जाताना दालनामागून दालन कसे उलगडते, याचा विचार आधी. सजावट नंतर. रिचर्ड मॉरिस हंट हा या शाळेत शिकलेला पहिला अमेरिकी. तो १८४६मध्ये दाखल झाला. त्याच्या मागोमाग पुष्कळ आले. १८९८मध्ये ज्युलिया मॉर्गन हिला वास्तुविभागात प्रवेश मिळाला, आणि त्या विभागातली ती पहिली स्त्री.

न्यूयॉर्कचे सार्वजनिक ग्रंथालय १९११मध्ये उघडले. त्याचे कॅरेर आणि हेस्टिंग्ज हे दोन्ही वास्तुकार याच शाळेत शिकलेले. दर्शनी बाजूला रोमन विजयकमानींची आठवण देणाऱ्या तीन कमानी आहेत. तेवढ्यावरून कुणी रोमन म्हणेल. पण नकाशा उलगडा : पायऱ्या, दालन, दोन्ही अंगांनी चढणारे जिने, आणि शेवटी सर्वांत वर, मागच्या बाजूला, वाचनाचे प्रचंड दालन, त्याच्या पोटाखाली पुस्तकांच्या मांडण्यांचे सात मजले. वाचकाला टप्प्याटप्प्याने उजेडाकडे नेणारी ही रचना पॅरिसच्या शिक्षणाशिवाय सुचली नसती. बॉस्टनचे १८९५चे ग्रंथालय तर कमानींच्या रांगेसकट आंरी लाब्रूस्त याने पॅरिसमध्ये बांधलेल्या सेंत जनव्हिएव्ह ग्रंथालयाचे ऋण उघड बाळगते. त्याचा वास्तुकार मॅकिम हाही त्याच शाळेचा. या दोन्ही इमारती मी पाहिलेल्या नाहीत, नकाशे आणि छायाचित्रे यांवरून बोलतो आहे. पण मुद्दा उभा राहतो : छपरावरून हौस कळते, नकाशावरून शिक्षण कळते.

४

व्हिएतनाम मात्र मी पाहिला, एका यात्रा-सहलीबरोबर. सायगावच्या मध्यवर्ती टपाल कचेरीत आमच्या वाटाड्याने लोखंडी कमानींच्या छताकडे बोट दाखवून सांगितले, 'आयफेल!' सगळ्यांनी माना वर केल्या आणि फोन काढले. ती इमारत १८८६ ते १८९१ या काळातली. ती वसाहतीच्या सरकारी वास्तुकाराने, आल्फ्रेद फुलू याने रचलेली. हनोईत लाँग बियेन पुलावरही आयफेलचेच नाव निघते. तो पूल १८९९ ते १९०२ या काळात दायदे आणि पिये या कंपनीने बांधला, आणि हे कुठल्या अभिलेखागारात शोधायला जावे लागत नाही. पुलावरच्या लोखंडी पाटीवर कंपनीचे नाव आणि साल ओतलेले आहे. मी पाटीसमोर उभा राहून ते वाचले. शेजारून सायकली जात होत्या.

लोखंड आणि फ्रान्स या दोन शब्दांची गाठ पडली की आपल्याला एकच नाव आठवते, हा आपल्या स्मरणाचा दोष. पण त्याने नुकसान होते. एक प्रसिद्ध नाव चिकटले की खरा कर्ता पुसला जातो, आणि त्याहून अधिक पुसले जातात ते त्या लोखंडाचे रिव्हेट ठोकणारे हजारो व्हिएतनामी मजूर. त्यांची नावे पाटीवर नाहीतच.

हनोईचे नाट्यगृह १९११मध्ये पूर्ण झाले, पॅरिसच्या गार्निए ऑपेराच्या धर्तीवर. तिथे ओळख पटायला काही कष्ट नाहीत. विचार करायला लावते ते पुढचे पर्व. एर्नेस्त एब्रार हा रोमचे मोठे पारितोषिक मिळवलेला, १९१७च्या आगीनंतर ग्रीसमधल्या थेसालोनिकी शहराची नवी आखणी केलेला वास्तुकार. १९२०च्या दशकात इंडोचायनाच्या नगररचना खात्याचा प्रमुख म्हणून तो हनोईत आला. पॅरिसची इमारत जशीच्या तशी इथे उभारली की उन्हात भाजते आणि पावसात कुजते, हे त्याने पाहिले. त्याने रचलेल्या संग्रहालयाला, जे आज व्हिएतनामच्या इतिहासाचे राष्ट्रीय संग्रहालय आहे, थरावर थर असलेली उतरती छपरे आहेत, लांब वळचणी आहेत आणि वारा खेळावा अशी दुहेरी भिंतींची योजना आहे. छायाचित्र पाहणारा ती बेधडक 'आशियाई' म्हणेल. आणि तरीही तिचा नकाशा अक्षावर बेतलेला, पॅरिसच्या शाळेत घोटवलेला आहे.

इथे 'प्रभाव' हा शब्द मला अपुरा वाटू लागतो. प्रभाव म्हटले की देणारा एक, घेणारा दुसरा, आणि पाणी एकाच दिशेने वाहते. एब्रारने हवा, पाऊस आणि स्थानिक सुतारकाम यांच्याकडून घेतले. पण कोणते रूप घ्यायचे आणि कोणते टाकायचे हे ठरवण्याचा अधिकार राज्यकर्त्याकडे होता. या देवघेवीत सौजन्य होते, बरोबरी नव्हती. दोन्ही गोष्टी एकाच भिंतीत आहेत, आणि वाचणाऱ्याने दोन्ही वाचाव्यात.

५

पुदुच्चेरीला मी पाच वेळा गेलो. पहिल्या खेपेला पिवळ्या भिंती, पांढऱ्या पट्ट्या आणि बोगनवेल पाहून हरखलो. त्यानंतरच्या खेपांना एकेक समजूत गळत गेली.

रस्त्यांची काटेकोर जाळी फ्रेंच, ही पहिली. १६९३ ते १६९९ ही सहा वर्षे गाव डचांकडे होते आणि जाळीचा आराखडा त्यांनी आखला. फ्रेंचांनी परतल्यावर तो चालू ठेवला. म्हणजे माझा 'नकाशा खोटे बोलत नाही' हा सिद्धान्त इथे डळमळला. जुने फ्रेंच गाव, ही दुसरी. १७६१मध्ये इंग्रजांनी वेढा घालून गाव जिंकले आणि पाडून टाकले. १७६५मध्ये ते परत मिळाल्यावर फ्रेंचांनी पुन्हा बांधले. आजचा गोरा भाग त्यानंतरचा.

तिसरी समजूत आत शिरल्यावर गेली. रस्त्याच्या बाजूला उंच भिंत आणि फाटक, आत बाग, खांबांची ओसरी, जमिनीपर्यंत उतरणाऱ्या खिडक्या. हे सगळे फ्रेंच. पण वर पाहिले तर लाकडी कड्यांवर उभ्या कडेने तिरप्या रचलेल्या पातळ विटा आणि त्यावर चुन्याचा थर, म्हणजे मद्रासी गच्ची. ते काम तमिळ गवंड्याचे. कालव्यापलीकडच्या तमिळ भागात याचे उलट चित्र दिसते. खाली रस्त्यालगत थिन्नै, म्हणजे आपला ओटा. आत मुट्रम, म्हणजे आपला चौक. आणि वरच्या मजल्यावर अचानक गोल कमानींच्या खिडक्या, गिलाव्यातले खांब आणि नक्षीचा कठडा. खालचा मजला वडिलांचा, वरचा मुलाच्या हौसेचा, असे वाटावे. कोकणात किंवा वाईला वाढलेल्या माणसाला ही घरे परकी वाटत नाहीत.

खरा प्रश्न पैशाचा आणि जपणुकीचा आहे. 'फ्रेंच' ही पाटी लागली की घराला रंग मिळतो, पाहुणे मिळतात, हॉटेल होते. 'तमिळ' घर त्याच शंभर-दीडशे वर्षांचे असले तरी वारसांच्या वाटणीत पडते. इंटॅकने वैश्याळ रस्त्यावर अख्ख्या रांगेच्या दर्शनी बाजू दुरुस्त करून वेगळी वाट दाखवली, हे नोंदवले पाहिजे. पण पाटीचे वजन अजून तसेच आहे. आणि पाटी लागली म्हणजे इमारत वाचते असेही नाही. समुद्रावरची मेरी, फ्रेंच काळाची नगरपालिका, १८७०-७१ची. २०१४च्या नोव्हेंबरात पावसात ती कोसळली. आता तिथे जुन्या रूपातली नवी इमारत उभी आहे. दुरून पाहता फरक कळत नाही. चुन्याच्या जागी काँक्रीट आलेल्या त्या रूपात फ्रेंच काय उरले आणि तमिळ गवंड्याचे काय गेले, हे खुणांवर भागवणाऱ्या डोळ्यांना कधीच कळणार नाही.

म्हणून मी आता चार साक्षी घेतो. छपराला फॅशन विचारतो. नकाशाला शिक्षण विचारतो. भिंतीला, तिच्या विटेला आणि चुन्याला, हात कुणाचा ते विचारतो. आणि कागद मिळाला तर पैसा कुणाचा आणि हुकूम कुणाचा ते विचारतो. चौघांची उत्तरे क्वचितच जुळतात. न जुळणे हाच बहुतेक वेळा त्या इमारतीचा इतिहास असतो.

६

शेवटी घराजवळचे. ओव्हल मैदानाकडून मुंबई विद्यापीठाकडे पाहताना मी तीस वर्षे 'इंग्रजी गॉथिक' म्हणत आलो. राज्य इंग्रजांचे, वास्तुकार जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट इंग्लंडचा. त्याने लंडनहून नकाशे पाठवले आणि भारतात पाऊलही ठेवले नाही. पण १८७४मध्ये पूर्ण झालेल्या दीक्षान्त सभागृहासाठी त्याने रूप निवडले ते पंधराव्या शतकातल्या फ्रेंच गॉथिकचे, हे जुन्या प्रवास-मार्गदर्शिकांत एका ओळीत छापलेले आहे. पैसा दिला कावसजी जहांगीर रेडीमनी या पारशी गृहस्थाने. दगड घडवला इथल्या पाथरवटांनी. पुदुच्चेरीत 'फ्रेंच' म्हणून मी जे शोधत होतो, त्याचा एक अंश मुंबईत इंग्रजी नावाखाली समोर उभा होता, आणि मी तिकडे त्या नजरेने पाहिले नाही, कारण छप्पर उभट नव्हते आणि भिंत पिवळी नव्हती.

त्या सभागृहात पदवी घ्यायला मी कधी गेलो नाही. मला पदवीच नाही. वाचकाच्या त्या तीन वाक्यांनी माझी जी परीक्षा घेतली, तीत मी तेव्हा नापास झालो होतो. पत्र लिहिणाऱ्या गृहस्थांना उत्तर द्यायचे राहून गेले. पत्ता शोधून लिहिले तेव्हा पाकीट परत आले. म्हणून चित्राखालची ती ओळ इथे दुरुस्त करतो :

'काबिल्दो, न्यू ऑर्लिन्स. स्पॅनिश राजवटीचे नगरसभागृह, १७९५-९९. पैसा आंद्रेस आल्मोनेस्तेर यांचा. आराखडा जन्माने फ्रेंच, चाकरीने स्पॅनिश अशा गिल्बेर्तो गिल्मार यांचा. छप्पर अमेरिकी काळातले, १८४७. फ्रेंच निशाणाखाली वीस दिवस.'